‘हाय प्रोटीन’ तयार जेवणाची पाकिटे: पोषण नेमके कसे तपासावे?

प्रतापनगरकर (धागाकर्ते)

नमस्कार. माझा मुलगा इथे नागपुरात मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीत रात्रपाळीला असतो. रात्री नऊला घर सोडतो आणि पहाटे पाचनंतर परततो. मध्यरात्रीनंतर तिथे चहा-बिस्किटांपलीकडे काही मिळत नाही, म्हणून गेल्या दोन महिन्यांपासून तो सुपरमार्केटमधून प्रथिनांचा मोठा आकडा छापलेली तयार जेवणाची पाकिटे आणतो आणि ऑफिसातल्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खातो. ही सवय मोडावी असा माझा हेतू नाही, कारण बिस्किटांवर रात्र काढण्यापेक्षा हे निश्चितच बरे आहे. परंतु त्या पाकिटातून पोटात काय जाते हे मला समजून घ्यायचे होते. म्हणून मागच्या रविवारी चार पाकिटे, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि वही घेऊन बसलो. जे हाती आले ते लिहितो, चुकत असेन तिथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

पहिले पाकीट राजमा-भाताचे, ३०० ग्रॅमचे. समोर मोठ्या अक्षरांत ‘१८ ग्रॅम प्रोटीन’ असे छापले आहे. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला १४९ किलोकॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिने आहेत. एक ग्रॅम प्रथिनांपासून ४ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे १८ ग्रॅमपासून ७२. पूर्ण पाकिटाची ऊर्जा ४४७ किलोकॅलरी, तेव्हा त्या ऊर्जेतला प्रथिनांचा वाटा १६ टक्के झाला.

दुसरे पाकीट पनीर मखनीचे, गोठवलेले, २५० ग्रॅमचे. यावर ‘हाय प्रोटीन’ हे शब्द स्पष्ट आहेत. १०० ग्रॅमला १९० किलोकॅलरी आणि ११ ग्रॅम प्रथिने, म्हणजे ऊर्जेतला वाटा २३ टक्के. आकडा उत्तम आहे. पण त्याच तक्त्यात खाली संपृक्त मेद १०० ग्रॅमला ७ ग्रॅम दिला आहे, म्हणजे पाकिटात साडेसतरा ग्रॅम. आपल्याकडच्या लेबलांवर टक्केवारी काढताना दिवसाला २२ ग्रॅम संपृक्त मेद हे प्रमाण धरतात. एका जेवणात त्यातला जवळपास ऐंशी टक्के वाटा संपला.

तिसरे सोया खिम्याचे, २८० ग्रॅमचे, समोर ‘३० ग्रॅम प्रोटीन’. इथे मी बराच वेळ अडखळलो, कारण मागे सोडियम एका सर्व्हिंगला ७२८ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या ३६ टक्के, असे लिहिले होते आणि ते मला सुसह्य वाटले. नंतर लक्षात आले की सर्व्हिंग १४० ग्रॅमची धरली आहे. समोरचा प्रथिनांचा आकडा पूर्ण पाकिटाचा आहे आणि मागचा सोडियमचा टक्का अर्ध्या पाकिटाचा. एक माणूस ते पाकीट एका बैठकीत संपवतो, तेव्हा सोडियम १४५६ मिलिग्रॅम होते. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते: सुमारे ३.६ ग्रॅम. दिवसभरासाठी ५ ग्रॅमची मर्यादा सांगितलेली आहे.

चौथे कपातल्या नूडल्सचे. १०० ग्रॅमला २४ ग्रॅम प्रथिने वाचून आनंद झाला, परंतु ते १०० ग्रॅम कोरड्या मालाचे आहेत आणि कपात माल ५० ग्रॅमच आहे.

आता प्रश्न असा की या चारांपैकी कोणते ‘चांगले’ म्हणावे आणि कोणत्या आकड्यावरून?

आहारमात्रा

प्रतापनगरकर, आपण ज्या पद्धतीने बसलात ती पद्धतच योग्य आहे. मी रामदासपेठेत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे समोरच्या आकड्यापाशीच थांबतात.

‘१८ ग्रॅम’ हा आकडा कशाच्या तुलनेत आहे हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तुलना तीन गोष्टींशी करावी. पहिली, त्या माणसाच्या गरजेशी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६५ किलोच्या पुरुषाला ती सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम होतात. मुलाचे वजन ७२ किलो असेल तर ६० ग्रॅम. तीन जेवणांत वाटले तर एका जेवणाला २० ग्रॅम. म्हणजे राजमा-भाताचे १८ ग्रॅम मुळीच कमी नाहीत, फक्त ते ‘विशेष’ नाहीत.

दुसरी तुलना ऊर्जेशी, जी आपण केलीच आहे. तिसरी, ते पाकीट कशाच्या जागी खाल्ले जाते त्याच्याशी, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. बिस्किटांच्या जागी आले तर फायदा, घरच्या उसळीच्या जागी आले तर बहुधा तोटा.

आपल्या नियमांत एक बारकावा आहे. घन पदार्थावर ‘हाय प्रोटीन’ असा दावा करायचा असेल तर १०० ग्रॅममध्ये दैनंदिन शिफारशीच्या किमान २० टक्के प्रथिने हवीत. ५४ ग्रॅमचा आधार धरल्यास हे १०.८ ग्रॅम होतात. आपल्या पनीरच्या पाकिटात ११ आहेत, म्हणून त्यावर ते शब्द आहेत. राजमा-भातात ६ आहेत, म्हणून तिथे नुसता ‘१८ ग्रॅम’ हा आकडा मोठा केला आहे. वाचणाऱ्याला दोन्ही पाकिटे सारखीच वाटतात, पण पहिल्यावर दावा नाही, केवळ आकडा आहे.

लक्ष्मीनगर_ताई

माझी मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला शिकते. तिथल्या सुपरमार्केटांत अशा जेवणांची वेगळी कपाटेच्या कपाटे आहेत आणि ती जवळजवळ रोज रात्री त्यातलेच काहीतरी खाते. हा धागा वाचून मी तिच्याकडून लेबलांची छायाचित्रे मागवली.

तिथे सोडियम लिहीत नाहीत, थेट मीठ ग्रॅममध्ये लिहितात. पुढच्या बाजूला हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात, परंतु ते ऊर्जेशेजारी फक्त मेद, संपृक्त मेद, साखर आणि मीठ या चार गोष्टींसाठी. प्रथिनांना रंगच नाही, त्यामुळे कंपन्या तो आकडा स्वतंत्रपणे आणि मोठ्या टाइपात छापतात. तिचे कालचे जेवण चिकन आणि भाताचे होते: पूर्ण डब्यात ४३० किलोकॅलरी, ३६ ग्रॅम प्रथिने, १.९ ग्रॅम मीठ. मिठाचा चौकोन लाल. मी तिला तंतुमय पदार्थ किती असे विचारले, तर म्हणाली, ‘आई, ते मी कधी पाहिलेच नाही.’ पाहिले तेव्हा ३ ग्रॅम निघाले.

आहारमात्रा ताई, हे ३६ ग्रॅम चांगले की हा लाल रंग वाईट, यातले मी काय धरावे?

आहारमात्रा

ताई, दोन्ही धरावे, कारण दोन्ही खरे आहेत. ३६ ग्रॅम म्हणजे १४४ किलोकॅलरी, ४३० पैकी सुमारे ३३ टक्के. युरोपीय नियमांप्रमाणे ‘हाय प्रोटीन’ म्हणण्यासाठी ऊर्जेच्या किमान २० टक्के आणि ‘प्रथिनांचा स्रोत’ म्हणण्यासाठी १२ टक्के प्रथिनांतून यावी लागते आणि ब्रिटनमध्येही हीच कसोटी आहे. तेव्हा दावा रास्त आहे. ब्रिटनमध्ये एका वाढपात १.८ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ असले की लाल रंग येतो. १.९ म्हणजे रेषेच्या जरासे पलीकडे. दिवसाची तिथली मर्यादा ६ ग्रॅम आहे. दुपारच्या जेवणात चिप्स, सॉस, चीज असेल तर काळजी करावी, नसेल तर एका लाल चौकोनाने घाबरू नये.

तंतूंचे मात्र मनावर घ्या. तिथे प्रौढांसाठी दिवसाला ३० ग्रॅमची शिफारस आहे. जेवणात ३ ग्रॅम म्हणजे तिने त्याबरोबर गोठवलेले मटार किंवा डब्यातले चणे घालणे आवश्यक आहे. आपल्याकडच्या लेबलांवर तर तंतूंचा आकडा पुष्कळदा नसतोच, त्यामुळे घटकसूचीवरून अंदाज बांधावा लागतो.

फुटाळा_काठ

मी रोज व्यायामशाळेत जातो आणि दिवसाला शंभरच्या वर प्रथिने घेतो, त्यामुळे थोडे वेगळे मत मांडतो. ०.८३ ही बैठ्या माणसाची कमतरता टाळण्यासाठीची संख्या आहे, वजन उचलणाऱ्याची नाही. माझ्यासारख्याला पनीर मखनीचे पाकीट साडेसत्तावीस ग्रॅम देत असेल तर संपृक्त मेदाची एवढी चिंता कशाला? आणि ऊर्जेच्या टक्केवारीपेक्षा १०० ग्रॅममागचा आकडा पाहणे मला सोपे वाटते.

आहारमात्रा

आपला पहिला मुद्दा मान्य आहे. नियमित वजन उचलणाऱ्यांना जास्त प्रथिने लागतात. मात्र संपृक्त मेदाची मर्यादा व्यायामाने वाढत नाही, रक्तातले कोलेस्टेरॉल स्नायूंचा विचार करत नाही.

१०० ग्रॅमच्या मोजमापाबद्दल मला आपल्या नियमांवरही टीका करायची आहे. पदार्थात पाणी किती यावर तो आकडा हलतो. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आहेत, म्हणजे वजनाच्या कसोटीवर ते सहज ‘हाय प्रोटीन’ ठरतात, पण त्यांची ऊर्जा ५६७ किलोकॅलरीच्या आसपास असल्याने प्रथिनांचा वाटा १८ टक्क्यांच्याही आत राहतो आणि युरोपीय कसोटीवर ते नापास होतात. उलट आपले साधे वरण पाहा. तुरीच्या डाळीच्या ऊर्जेतला चौथा हिस्सा प्रथिनांचा असतो, पण शिजवून पाणी वाढले की १०० ग्रॅम वरणात ५ ग्रॅमच उरतात आणि वजनाच्या कसोटीवर तेच वरण अगदी सामान्य दिसते. वरणातल्या डाळीचा गुण त्यामुळे कमी झालेला नसतो. म्हणून माझ्या रुग्णांना मी सांगते की कोरड्या पदार्थाची ओल्याशी तुलना करू नका, आणि करायचीच असेल तर दोन्ही १०० किलोकॅलरीवर आणून करा.

इतवारी_डबा

मी इतवारीत पंधरा वर्षांपासून घरगुती डबे देते, सध्या चाळीस आहेत. मला या चर्चेत थोडा राग येतो आहे, तो मोकळेपणाने सांगते. आमच्या डब्यात झुणका असतो, मुगवडीची भाजी असते, आठवड्यातून दोनदा मोड आलेली मटकी असते, थंडीत डाळभाजी असते. त्यावर कोणी ग्रॅम छापत नाही, म्हणून तरुण मुले म्हणतात की डब्यात प्रोटीन नाही. आपण सर्वांनी पाकिटाचे गणित केले, एकदा घरच्या ताटाचेही करावे.

प्रतापनगरकर

ताई, आपला राग रास्त आहे, आणि आपण म्हणालात म्हणून काल रात्री आमच्या घरच्या झुणका-भाकरीचे गणित केले. जे निघाले ते जसेच्या तसे लिहितो.

एका माणसाच्या झुणक्याला ५० ग्रॅम बेसन लागले: सुमारे ११ ग्रॅम प्रथिने. ज्वारीच्या दोन भाकरींना १०० ग्रॅम पीठ: सुमारे १० ग्रॅम. दीडशे ग्रॅम दही: सुमारे ५. एकूण २६ ग्रॅम, म्हणजे राजमा-भाताच्या पाकिटापेक्षा जास्त आणि पनीरच्या पाकिटाच्या जवळपास. हे पाहून मला फार बरे वाटले. परंतु दोन चमचे तेल धरून ऊर्जा सुमारे ७०० किलोकॅलरी होते आणि प्रथिनांचा वाटा १५ टक्क्यांवर येतो. तेव्हा युरोपीय मापाने आमचे जेवण ‘प्रथिनांचा स्रोत’ आहे, ‘हाय प्रोटीन’ नाही. हे मान्य करताना मला थोडे जड गेले, पण आकडे आपल्या बाजूने वाकवायचे नाहीत असे ठरवूनच बसलो होतो.

मीठ मात्र सौभाग्यवतींनी मोजून घातले: एका माणसाच्या वाट्याला दीड ग्रॅमच्या आसपास. सोया खिम्यात ३.६ होते.

आहारमात्रा

फार प्रामाणिक हिशेब आहे. ७०० किलोकॅलरीचे जेवण शेतात राबणाऱ्याला योग्य, रात्रभर खुर्चीत बसणाऱ्याला जड. एक भाकरी कमी करून एक वाटी मटकीची उसळ वाढवली तर ऊर्जा फारशी हलणार नाही, पण प्रथिनांचा आणि तंतूंचा वाटा वाढेल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही धान्यांतून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपर्यंत ठेवावी असे सांगितले आहे. आपल्याकडे ती बहुतेक ताटांत त्याहून जास्त असते. इतवारी_डबा ताई, आपल्या डब्यात उणीव असलीच तर ती प्रथिने नसण्याची नाही. पोळ्या-भाताच्या मानाने उसळ कमी पडते, एवढेच. आणि पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ वीस-पंचवीस ग्रॅम असते, म्हणजे प्रथिने पाचच ग्रॅम. ‘रोज वरण खातो’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

इतवारी_डबा

पटले. भाताची मूद थोडी लहान करून उसळीची वाटी मोठी करणे मला जमण्यासारखे आहे. मटकी तांदळापेक्षा महाग पडते, तेव्हा डब्याचे दर पाहावे लागतील.

अन्नतंत्र

मी इथल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेतून अन्न तंत्रज्ञान शिकलो आणि पुढे बरीच वर्षे अशा पाकिटांच्या उत्पादनात काम केले. आतापर्यंतची चर्चा प्रथिनांच्या प्रमाणावर झाली. त्यांच्या प्रतीबद्दल थोडे लिहितो, कारण लेबल त्याबाबत गप्प असते.

प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजत नाहीत. पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि साधारणपणे त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन कुठून आला हे त्या पद्धतीला कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळले गेले, ते याच उणिवेचा फायदा घेऊन. आपल्या सुपरमार्केटातल्या पाकिटांत असे विष असते असे मी मुळीच म्हणत नाही. मुद्दा एवढाच की २० ग्रॅम अंड्याची प्रथिने, २० ग्रॅम गव्हाच्या ग्लुटेनची आणि २० ग्रॅम जिलेटिनची लेबलावर सारखीच दिसतात. शरीराला ती सारखी नसतात. आवश्यक अमिनो आम्ले आणि पचनीयता यांचा मेळ घालून प्रथिनांना जे गुण देतात, त्यात दूध, अंडे आणि शुद्ध केलेले सोया प्रथिन जवळपास १ पर्यंत पोहोचतात, तर ग्लुटेन ०.२५ च्या आसपास राहते, कारण त्यात लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल फार कमी असते. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे दुसरे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच. म्हणून नूडल्सच्या कपात प्रथिने वाढवण्यासाठी ग्लुटेन घातले असेल तर त्या १२ ग्रॅमची किंमत मी बरीच कमी धरेन.

राजमा-भाताला मात्र इथे न्याय मिळतो. डाळी-कडधान्यांत मेथिओनिन कमी आणि लायसीन भरपूर, धान्यांत त्याच्या उलट. दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते. आपल्या आज्यांनी गोळाभात आणि वडाभात (डाळीचे गोळे किंवा वडे आणि भात) ताटात आणले तेव्हा हेच साधले होते.

घटकसूची वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. पहिले चार-पाच शब्द वाचा. तिथे पाणी, तांदूळ, तेल, साखर असतील आणि राजमा सहाव्या क्रमांकावर असेल, तर समोरच्या छायाचित्रावर विश्वास ठेवू नका.

प्रतापनगरकर

आपले वाचून मी पनीरचे दुसरे पाकीट उघडले, सगळे तुकडे वेचले, कोमट पाण्याने धुतले, कापडावर टिपले आणि वजन केले. ६२ ग्रॅम भरले. घटकसूचीत ‘पनीर २६ टक्के’ असे लिहिले आहे, म्हणजे ६५ ग्रॅम. लेबल खरे बोलते आहे. पण पनीरमध्ये १०० ग्रॅमला १८ ते २० ग्रॅम प्रथिने धरली तर या तुकड्यांतून १२ ग्रॅमच्या आसपास येतात. पाकिटावर साडेसत्तावीस आहेत. बाकीची पंधरा कुठून आली?

अन्नतंत्र

सूचीत पुढे ‘दुग्धजन्य घन पदार्थ’, ‘व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट’ किंवा ‘सोया प्रोटीन आयसोलेट’ असे काही आहे का ते पाहा. रस्स्यात तीच भुकटी विरघळलेली असणार. आयसोलेटमध्ये कोरड्या वजनाच्या ९० टक्के प्रथिने असतात, त्यामुळे थोड्या भुकटीतही आकडा पटकन वर जातो. ती प्रथिने निकृष्ट नाहीत. पण खाणारा समजतो पनीर खाल्ले, आणि निम्म्याहून अधिक प्रथिने भुकटीची असतात.

प्रतापनगरकर

तिन्ही आहेत. पाचवा, सातवा आणि आठवा घटक.

महालचा_वाडा

एका वेगळ्या बाजूने विचारतो. माझ्या वडिलांना मूत्रपिंडाचा जुना आजार आहे, डायलिसिस नाही. घरी कोणी नसताना त्यांना सोपे पडावे म्हणून एका दुकानातून अशीच पाकिटे आणली होती आणि विक्रेत्याने ‘वयस्कर माणसांना प्रोटीन चांगले’ असे सांगितले होते. ती द्यावीत का?

आहारमात्रा

कृपया त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. डायलिसिस नसलेल्या अशा रुग्णांना पुष्कळदा प्रथिने मर्यादित ठेवायला सांगतात, आणि ‘हाय प्रोटीन’ पाकीट नेमके त्याच्या उलट जाते. याशिवाय दोन गोष्टी घटकसूचीत शोधा. एक, फॉस्फेटे: आयएनएस (अन्नात मिसळलेल्या पदार्थांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२. डाळीतला फॉस्फरस शरीर अर्धवटच शोषते, पण मिसळलेली फॉस्फेटे जवळपास पूर्ण शोषली जातात. दुसरे, आयएनएस ५०८, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मीठ कमी दिसावे म्हणून ते वापरतात. निरोगी माणसाला ते उपयोगी आहे, पण मूत्रपिंड कमजोर असलेल्याला धोक्याचे ठरू शकते. ‘कमी सोडियम’ लिहिलेले पाकीट वडिलांसाठी चांगले असेलच असे धरू नका.

महालचा_वाडा

पाकिटे बाजूला ठेवली. एकावर ४५१ आणि ५०८ दोन्ही आहेत. सोमवारी डॉक्टरांकडे तेच पाकीट घेऊन जातो. मनापासून आभार.

फुटाळा_काठ

अशा पाकिटांना अतिप्रक्रियायुक्त अन्न म्हणून सरसकट नाकारणारेही बरेच आहेत. त्यात तथ्य किती?

आहारमात्रा

तथ्य आहे, पण सरसकट नाही. अन्नाचे प्रक्रियेनुसार चार गट करण्याची ‘नोव्हा’ पद्धत ब्राझीलमध्ये साओ पाउलो विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडली. त्यावरचा सर्वांत बोलका प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. समोर ठेवलेल्या जेवणांत ऊर्जा, साखर, मेद, तंतू आणि सोडियम सारखे राखले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. तरीही अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या काळात माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती, आणि खाण्याचा वेगही जास्त होता. प्रयोग लहान होता, पण लेबलावरचे आकडे सारखे असूनही परिणाम वेगळा येऊ शकतो हे त्यातून दिसले.

म्हणून मी पाकिटापाकिटात फरक करते. राजमा, तांदूळ, कांदा, टोमॅटो, तेल, मसाले, मीठ एवढीच सूची असलेले पाकीट आणि तीस घटकांचे पाकीट यांना एका माळेत ओवू नये.

अन्नतंत्र

यात एक भर. फ्रीजबाहेर टिकणारी पाकिटे साधारणपणे १२१ अंश सेल्सियसला दाबाखाली निर्जंतुक करतात, त्यालाच रिटॉर्ट म्हणतात. आपल्याकडे हे तंत्र म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी विकसित केले आणि तिथून उद्योगात आले. या उष्णतेमुळेच पाकीट महिनोन्महिने टिकते, त्याला परिरक्षकांची गरज पडत नाही. त्यामुळे ‘परिरक्षकविरहित’ हा शब्द अशा पाकिटावर वाचून त्याला जास्तीचे गुण देऊ नका. उष्णतेने लायसीनचा काही भाग निकामी होतो, पण राजम्यात ते मुळातच भरपूर असते.

गोठवलेल्या पाकिटांना उणे १८ अंश लागतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात खरा प्रश्न तिथे येतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दुचाकीच्या डिक्कीतून अर्धा तास नेलेले पाकीट घरी पोहोचेपर्यंत मऊ पडते. ते पुन्हा गोठवले तर प्रथिनांचा आकडा तोच राहतो, सुरक्षितपणाची खात्री राहत नाही. दुकानात घेतानाही पाकीट हलवून पाहा. आत सुट्या तुकड्यांऐवजी एकच गोळा आणि बर्फाचे मोठे खडे जाणवले, तर ते आधीच एकदा वितळलेले असण्याची शक्यता मोठी.

लक्ष्मीनगर_ताई

मुलीने काल डब्यात दोन मुठी गोठवलेले मटार घातले आणि छायाचित्र पाठवले. म्हणाली की पोट सकाळपर्यंत भरलेले राहिले. दुपारच्या सँडविचमधले मीठही आता ती पाहते आहे.

प्रतापनगरकर

सर्वांचे वाचून मुलाबरोबर बसलो. नूडल्सचे कप त्याने स्वतःहून बंद केले. सोया खिमा आवडतो, तो आठवड्यातून एकदा, आणि त्या दिवशी घरी लोणचे-पापड नाही. पनीर मखनी महिन्यातून एकदोनदा.

बाकीच्या रात्री राजमा-भात आणि बरोबर दोन उकडलेली अंडी. त्याचेही गणित केले: पाकिटाचे १८ आणि अंड्यांचे १२, एकूण ३० ग्रॅम प्रथिने. ऊर्जा ४४७ अधिक सुमारे १५०, म्हणजे ५९७. प्रथिनांपासून १२० किलोकॅलरी, तेव्हा वाटा २० टक्के. ज्या पाकिटावर ‘हाय प्रोटीन’ लिहिण्याची मुभा नव्हती, ते दोन अंड्यांनी युरोपीय कसोटीला उतरले. सोडियम साधारण १२८० मिलिग्रॅम होते, ते अजून जास्तच आहे, म्हणून कमी सोडियमचा दुसरा राजमा शोधतो आहे.

अन्नतंत्र भाऊ, शेवटची शंका. अंडी रात्री साडेआठला उकडून दिली आणि त्याने एकला खाल्ली तर चालेल का?

अन्नतंत्र

उन्हाळ्यात नाही. उकडलेले अंडे साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि इथल्या मे-जूनमध्ये एक तासच धरावा. आदल्या दिवशी उकडून, न सोलता फ्रीजमध्ये ठेवा आणि निघताना थंड पिशवीत द्या. मायक्रोवेव्हमध्ये अंडे पाकिटाबरोबर ठेवू नये, ते फुटते. राजमा-भात मात्र मध्ये एकदा ढवळून पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करावा, कारण मायक्रोवेव्हची उष्णता सगळीकडे सारखी पोहोचत नाही.

प्रतापनगरकर

त्याच्या मजल्यावर फ्रीज आहे असे कळले. पोहोचल्याबरोबर डबा त्यात ठेवायला सांगितले आहे.